सिझेरियनसाठी पाठीत भूल दिल्यावर उठून बसताच डोके का दुखते?

सुईने मज्जारज्जूच्या आवरणाला पडलेल्या बारीक छिद्रातून आतले पाणी झिरपत राहिले, की मेंदूभोवतीचा दाब उतरतो. म्हणूनच हे डोके बसल्यावर ठणकते आणि आडवे होताच हलके होते. १८९८ मध्ये जर्मनीत शल्यचिकित्सक ऑगस्ट बीअर यांनी ही भूल आजमावताना स्वतःच्याच पाठीत सुई टोचून घेतली, तेव्हा त्यांनाही हाच त्रास झाला होता. आता २५ किंवा २७ गेजच्या (म्हणजे अगदी बारीक), पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुयांमुळे तो बराच कमी झाला आहे. बिनउशीचे सपाट पडून राहिल्याने तो टळतो, ही घरोघरची समजूत मात्र खरी नाही. बहुधा आठवड्याभरात तो आपोआप थांबतो. न थांबल्यास रुग्णाचेच सुमारे २० मिलिलिटर रक्त पाठीत सुईने त्या आवरणाच्या बाहेरच्या बाजूस सोडून गळती बंद करतात. ताप, मान आखडणे किंवा पाय बधिर राहणे असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.