रागाच्या भरात साडेतीन वर्षांच्या मुलीला मारलं. आता ती जवळ येत नाही, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटं बाळ तापाने फणफणलेलं, नवरा कामासाठी बाहेरगावी, आणि मुलीने तिसऱ्यांदा वरणभाताची ताटली ढकलली तेव्हा तुमचा हात सुटला. तुमचे दोन प्रश्न आहेत: मी वाईट आई आहे का, आणि लहान मुलं न मारता वाढवता येतात का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. येतात. पण हे मला माझ्या मुलीला मारल्यानंतर कळलं, म्हणून तेच सांगतो.

२०२१ चा जुलै. आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. महापुराचं पाणी गल्लीत शिरलं आणि आम्ही दोन पिशव्या घेऊन राजारामपुरीत बहिणीकडे गेलो. दोन खोल्यांत नऊ माणसं. शहराचा पाणीपुरवठा बंद, टँकरसाठी रांग. शिरोलीला हायवेवर पाणी, त्यामुळे माझा कारखानाही बंद. मी सीएनसी मशीनवर काम करतो, आणि त्या महिन्याचा पगार किती हातात येईल हाच हिशोब डोक्यात फिरत होता.

मुलगी तेव्हा तुमच्या लेकीएवढीच, साडेतीन वर्षांची. जेवायला बसली आणि म्हणाली, माझं निळं ताट पाहिजे. ते घरी राहिलेलं. समजावलं, बहिणीने वाटी दिली, मेव्हण्यांनी गोष्ट सांगितली. ती एकच धरून बसली, निळं ताट. अर्ध्या तासाने मी तिच्या पाठीत जोरात धपाटा घातला.

तिचं रडणं एकदम थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून आत्याच्या मांडीवर जाऊन बसली. रात्री तिथेच झोपली. माझी बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला रात्रभर वाटत होतं.

सकाळी मी मुलीसमोर उकिडवा बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "काल बाबाने तुला मारलं. चूक बाबाची होती. तुला लागलं ना?" तिने मान हलवली. "तू ताट मागितलंस म्हणून तू वाईट नाहीस. बाबाला खूप राग आला होता, पण राग आला म्हणून मारायचं नसतं." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी रुसलोय." (आमच्याकडे बायकासुद्धा "मी आलो, मी गेलो" म्हणतात, पोरी तेच उचलतात.) म्हटलं, रूस, मी इथंच बसतो. बसलो. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाबा, ताट पाण्यात गेलं काय?"

तिच्या हट्टात काय होतं ते मला तेव्हा कळलं. तिने घरातून आमची धावपळ बघितली होती, गल्लीत होडी बघितली होती, पण आपलं घर आहे की गेलं हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. साडेतीन वर्षांच्या पोरीला ते शब्दांत विचारता येत नाही. तिला ताट मागता येतं.

तुमच्या मुलीची ढकललेली ताटलीही अशीच काहीतरी असेल. घरात आजारी बाळ, आई दिवसभर त्याच्यापाशी, बाबा नाहीत. मी तिला बघितलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. पण आधी हेच तपासून बघा.

आता आमच्या घरात काय बदललं ते. कोल्हापूरकराला पावसाळ्यात दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. ३९ ऐकलं की नदीकाठची माणसं सामान माळ्यावर चढवतात, गाड्या वरच्या भागात नेऊन लावतात. ४३ ची वाट बघत बसलेल्या माणसाला नंतर फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडता येतं. त्या पुरानंतर बायको म्हणाली, "तुमचं पण ३९ मला लांबनं दिसतंय. तुम्हालाच दिसत नाही." तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द आहे. आमच्यापैकी कुणीही "एकोणचाळीस" म्हटलं की दुसऱ्याने हातातलं काम टाकून पोरांना घ्यायचं. का, कशासाठी, हे त्या वेळी विचारायचं नाही. पहिल्याने जिन्यावर जाऊन बसायचं, तोंड धुवायचं, काहीही करायचं.

माझं ३९ म्हणजे दात आवळले जातात आणि मी "शेवटचं सांगतोय" म्हणायला लागतो. बायकोचं म्हणजे तिचा आवाज एकदम बारीक आणि थंड होतो. तुमचं काय ते शोधून ठेवा, कारण मारण्याच्या क्षणी स्वतःला थांबवणं मला आजही जमेल असं वाटत नाही. त्याच्या पाच मिनिटं आधी थांबणं जमतं.

तुम्ही म्हणाल, माझ्याकडे पोरांना द्यायला दुसरं माणूसच नाही. बरोबर आहे. बायको एकटी असते तेव्हा ती असं करते: गॅस बंद, धाकट्याला खाली गादीवर, मोठीला सांगायचं "आई तोंड धुऊन येते", आणि दोन मिनिटं मोरीत. पोरं रडतात. त्या दोन मिनिटांच्या रडण्याने त्यांचं काही बिघडत नाही. शेजारच्या काकूंनाही तिने सांगून ठेवलंय की मी दार वाजवलं तर फक्त मोठीला घ्या. असं सांगायला लाज वाटते खरी. पण काकूंनी पहिल्याच वेळी विचारलं, "इतके दिवस का नाही बोललीस गं?"

मोठी माणसं मात्र नाराज होतात. माझी आई म्हणाली, "आम्ही काय कमी मारलंय व्हय तुला? काय वाईट झालं तुझं?" मी वाद घातला नाही. पण खरं सांगतो, दादांनी मला एकदा पट्टीने मारलं होतं ते मला आजही लख्ख आठवतं, आणि कशासाठी मारलं ते अजिबात आठवत नाही. मार पोहोचला, धडा पोहोचला नाही. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, कलम १७ ने, मनाई आहे. बाईंनी माझ्या मुलीला धपाटा घातला असता तर मी शाळेत जाऊन जाब विचारला असता. मग घरात वेगळा नियम कसा, याचं उत्तर मला सापडलं नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. निम्मी भांडणं झोपेची होती. आम्ही रात्री जेवून रंकाळा तलावावर फिरायला जायचो, घरी येईपर्यंत साडेदहा, पोरं झोपेपर्यंत अकरा. बालवाडी आठ वाजता, म्हणजे साडेसहाला उठवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी असं आहे. आमच्या पोरीला साडेसात मिळत होती, आणि संध्याकाळी ती किरकिर करते म्हणून आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. ती पहिलीला गेली त्याच वर्षी, २०२४ मध्ये, शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं परिपत्रक काढलं आणि सकाळची रडारड बरीच कमी झाली. धाकटा आता तीन वर्षांचा आहे, त्याला आम्ही नऊला झोपवतोच. रंकाळा आता संध्याकाळी सहाला. माझी आई पोरांना घेऊन जाते, तेव्हापासून तिची नाराजीही कमी झालीय.

जेवणाचं म्हणाल तर मी फार हुशारी सांगू शकत नाही. मोबाईल दाखवून भरवणं आम्हीही केलं. एवढंच बघितलंय की रविवारी मटण असतं तेव्हा तांबडा रस्सा पडायच्या आधी पोरांसाठी अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी) काढून ठेवतात, सगळे एकत्र पंगतीला बसतात, आणि अळणी-भात ही दोघं आपल्या हाताने, सांडत का होईना, पोटभर खातात. इतर दिवशी आम्ही त्यांना आधी एकटं बसवून भरवायचो आणि युद्ध व्हायचं. आता रोज एकत्र बसतो. धाकट्याने दोन घासांत उठायचं ठरवलं तर उठू देतो. मुलांचं डॉक्टरांकडे नियमित वजन होतंय आणि ते वाढतंय, तोवर एका जेवणावरून भांडायचं नाही असं ठरवलंय.

आणि हो, सगळं सुधारलं असं समजू नका. गेल्या आठवड्यात धाकट्याने तेलाची किटली स्वयंपाकघरभर ओतली आणि मी इतक्या मोठ्याने ओरडलो की तो दाराआड जाऊन उभा राहिला. मोठी आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, एकोणचाळीस." मी जिन्यावर गेलो. परत आलो तेव्हा दोघं मिळून माझ्या बनियनने तेल पुसत होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एकदा हात सुटल्याने कुणी वाईट आई होत नाही. पण पुन्हापुन्हा होत असेल, रोज रडू येत असेल, झोप लागत नसेल, किंवा बाळाला काही करून बसेन अशी भीती वाटत असेल, तर आजच बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. नवऱ्यालाही फोनवर सगळं सांगा, "पोरगी जेवत नाही" एवढंच नको.

आता ती झोपली असेल. उठवून माफी मागू नका, ते आपल्या समाधानासाठी होतं. सकाळी बाळ झोपेत असताना तिच्या उंचीवर खाली बसा आणि झालं ते साध्या शब्दांत सांगा. "पण तूही ताटली ढकललीस ना" हे वाक्य त्यात घालू नका, ताटलीचं दुपारी बोलता येईल. ती लगेच गळ्यात पडणार नाही. रुसू द्या, शेजारी बसून राहा. मग ती काहीतरी विचारेल, कदाचित बाळाबद्दल, कदाचित बाबा कधी येणार म्हणून. त्याचं खरं उत्तर द्या.