अमोनियाचा आकडा सामूशिवाय वाचू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोड्या पाण्याचं हिरवंगार तळं, सकाळी किटवर अमोनिया लिटरला १.५ मिलिग्रॅम, किटच्या तक्त्यात तो रंग धोक्याच्या अलीकडचा. तरी दुपारनंतर मासे खाद्य घेत नाहीत, वर येऊन तोंड उघडझाप करतात, रोज दोन-चार मरतात. ऑक्सिजन मोजला तर ठीक आहे. आता चुना मारायचा विचार आहे. चुना तेवढा थांबवा, मग पुढचं वाचा.

किट दाखवतं तो एकूण अमोनिया. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, जो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो सरळ शिरतो आणि मासा मारतो. कुठल्या रूपात किती, हे सामू (पीएच) आणि तापमान ठरवतं. तुमचंच पाणी घ्या. २८ अंश सेल्सिअसला सामू ७.४ असेल तर १.५ पैकी मुक्त अमोनिया लिटरला जेमतेम ०.०२६ मिलिग्रॅम. त्याच पाण्याचा सामू ९ झाला की ०.६ च्या वर. म्हणजे वीस पटींहून जास्त, आणि किटचा रंग मात्र तोच!

हिरव्या पाण्यात हे रोज घडतं. ऊन असेपर्यंत प्लवक (पाणी हिरवं करणारं तरंगतं सूक्ष्म शेवाळ) कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, सामू चढत जातो. रात्री श्वसनामुळे पुन्हा उतरतो. तुम्ही नेमकं दिवसातल्या सगळ्यात निवांत वेळी मोजताय. दुपारी तीन-चारला एकूण अमोनिया, सामू आणि तापमान एकाच वेळी मोजा आणि तक्त्यावरून मुक्त अमोनिया काढा. तो कायम ०.०५ च्या खाली राहिला पाहिजे, नाजूक जातींना ०.०२ च्या आसपास.

आता ऑक्सिजन असून मासे धापा का टाकतात. बहुतेक मासे नायट्रोजनचा कचरा अमोनियाच्याच रूपात कल्ल्यांतून बाहेर टाकतात. बाहेरच अमोनिया जास्त असला की तो निघत नाही, रक्तात साचतो, मेंदूपर्यंत जातो. गरगर फिरणं, झटके येणं हे त्याचं लक्षण. पण हा झाला तीव्र प्रकार. कमी मात्रा बरेच दिवस राहिली तर नुकसान गुपचूप होतं. कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांवर पेशींचा थर जाड होतो, पापुद्रे एकमेकांना चिकटतात, वर चिकट स्राव साचतो. मग पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी रक्तात पोचत नाही. मेलेल्या ताज्या माशाचा कल्ला उघडून बघा. चॉकलेटी दिसला तर मात्र नायट्राइटचा (जिवाणू अमोनिया पचवताना मधे तयार होणारं दुसरं विष) संशय घ्या, तेही मोजा.

वाढ खुंटते, खाद्य वाया जातं, प्रतिकारशक्ती घसरते, मग जिवाणू चढतात आणि लोक अँटिबायोटिक शोधत बसतात. कोळंबीतही तीच गत: रक्तपेशी घटतात, व्हिब्रिओ हा रोगजंतू हात धुऊन घेतो, आणि नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी आधी जाते.

हा अमोनिया येतो मुख्यतः खाद्यातून. ३२ टक्के प्रथिनांच्या १ किलो खाद्यात साधारण ५१ ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला पाव ते एक तृतीयांश माशाच्या अंगी लागतो, उरलेला पाणी आणि गाळात. म्हणून पहिला इलाज म्हणजे दोन दिवस खाद्य पूर्ण बंद, मग अर्ध्यावर. दोन दिवसांच्या उपासाने मोठा मासा मरत नाही, याबद्दल निर्धास्त रहा. सोबत थोडं-थोडं पाणी बदला, पण नव्या पाण्याचा सामू आधी बघा.

चुन्याचं म्हणाल तर कळीचा किंवा विरलेला चुना सामू झपकन वर नेतो, म्हणजे निरुपद्रवी अमोनियमचं विष करून देतो. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना दर ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता (सामू स्थिर ठेवणारे पाण्यातले क्षार, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) आणि साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो, त्यामुळे क्षारता कमी निघाली तर नंतर शेतीचा चुना (कॅल्शियम कार्बोनेट) टाकायला हरकत नाही. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) मात्र चालूच ठेवा.

मीठ नायट्राइटवर उपयोगी, अमोनियावर नाही. जिओलाइट (अमोनियम धरून ठेवणारं खनिज) गोड्या पाण्याच्या टाकीत काम करतं. अख्ख्या तळ्याला पुरेल एवढं टाकणं परवडत नाही, आणि खाऱ्या पाण्यात तर सोडियमच त्याची जागा अडवतो. बाटलीतल्या प्रोबायोटिकवर माझा फारसा भरवसा नाही. ते जिवाणू तळ्यात आधीच असतात, त्यांना वेळ आणि ऑक्सिजन हवा असतो. आणि हिरवं पाणी घालवायला मोरचूद मारू नका. प्लवक एकदम मेले की कुजून अमोनिया आणखी वाढतो, शिवाय ऑक्सिजनही खाली बसतो.

दुपारचे तिन्ही आकडे, क्षारता, नायट्राइट आणि रोज किती किलो खाद्य देता ते इथे लिहा. मग पाणी किती बदलायचं आणि खाद्य कितीवर आणायचं ते नीट सांगता येईल.