घरी छान शिकतोय, मग शाळेचा हट्ट कशाला?

“ऑनलाइन वर्गात मन लावून बसतो, मार्कही चांगले पडतात. शाळेचं नाव काढलं की मात्र पोटात दुखतं. मग घरूनच शिकू दिलं तर काय बिघडलं?” हा प्रश्न पालक मला सतत विचारतात. २०२० मध्ये १९० हून अधिक देशांतल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा नाइलाज म्हणून मुलं घरून शिकली. आता तोच पर्याय हाताशी आहे. लेकराला रोज रडताना बघणाऱ्या आईबापांनी तो धरावासा वाटणं साहजिकच आहे.

सहावीतल्या एका मुलाचे आईवडील हाच प्रश्न घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी आधी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणीत काही निघालं नाही. मग पोट नेमकं कधी दुखतं ते वहीत लिहून ठेवायला सांगितलं. रविवारी संध्याकाळी दप्तर भरताना सुरू व्हायचं, सकाळी वाढायचं आणि ‘बरं, राहा घरी’ म्हटलं की तासाभरात थांबायचं. सुट्टीच्या दिवशी दुखायचंच नाही. “म्हणजे नाटकच की!” वडील म्हणाले. नाटक नव्हतं ते. भीती वाटली की पोटात खरोखर कळ येते, मोठ्यांच्याही येते.

मुलगा हुशार होता, पण मोजकंच बोलायचा. ऑनलाइन वर्गात काय आवडतं, असं विचारल्यावर म्हणाला, “तिथं म्यूट करता येतं.” थोडं थांबून पुढे म्हणाला, “उत्तर चुकलं तर चॅटमधून पुसता येतं. वर्गात चुकलं की सगळे वळून बघतात.”

गणित, विज्ञान यांची त्याला भीती नव्हतीच. त्याला सगळ्यांत अवघड जायची ती मधली सुट्टी. त्या वेळात कुणी काही शिकवत नाही, सांगत नाही. कोणत्या घोळक्यात जाऊन उभं राहायचं, खेळात घ्या म्हणायचं कसं, कुणी चिडवलं तर हसायचं की चिडायचं, हे सारं क्षणात आणि आपलं आपण ठरवावं लागतं. पडद्यावर एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे गप्प. भांडण होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर शेजारी बसायची वेळ तिथं येत नाही. ही कामं मुलांना शाळाच शिकवते, आणि माझ्या मते ती गणिताइतकीच महत्त्वाची आहेत.

आईवडिलांना मी सांगितलं, की घरी राहिला की त्याला लगेच बरं वाटतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. टाळल्यावर सुटका झाली की मन पुढच्या वेळी आणखी जोरात टाळायला सांगतं. जितके दिवस घरी, तितका शाळेचा उंबरठा उंच. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत वाट बघत बसू नये.

त्याला कुणी छळतंय का, हे वर्गशिक्षिकांशी बोलून आधी पाहून घेतलं. तसं असतं तर मुलाला धीट करत बसण्याआधी शाळेला तो छळ थांबवायला लावलं असतं. इथे तसं नव्हतं. मग पायऱ्या ठरवल्या. आधी फक्त वाचनालयात एक तास, मग त्याच्या आवडीचे दोन तास, मग अर्धा दिवस. मधल्या सुट्टीसाठी बाईंनी त्याच्याकडे आणि आणखी एका शांत मुलाकडे फळा लिहायचं काम दिलं. दोघांना बोलायला निमित्त मिळालं. उत्तर चुकलं तर काय करायचं, याचा सराव तो माझ्याकडे मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन करायचा. पहिल्या वेळी कानापर्यंत लाल झाला होता.

घरी एकच नियम केला. शाळेच्या वेळात घरी राहिलास तर मोबाइल नाही, अभ्यासच. शिक्षा म्हणून नाही, तर घर शाळेपेक्षा मजेचं ठरू नये म्हणून. आईला हे जड गेलं. लांब सुट्टीनंतर गाडी पुन्हा घसरली आणि दोन पायऱ्या मागे यावं लागलं. असं होतंच, हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घर घाबरलं नाही.

ऑनलाइन शिक्षण वाईट असं मी म्हणत नाही. दीर्घ आजारपणात ते वरदान ठरतं, शाळा दूर असेल तिथेही. तुमचं मूल घरीच बरं म्हणत असेल, तर घरी त्याला काय मिळतं यासोबत तिथं राहून ते काय टाळतंय हेही विचारा. टाळण्यासारखं काही नसेल, घराबाहेर त्याला सवंगडी असतील, तर निर्णय निवांत घ्या.

हा मुलगा आता पूर्ण दिवस शाळेत जातो. गणिताचा ऑनलाइन वर्ग बंद करायचा का, असं आईने परवा विचारलं. मी म्हटलं, चालू ठेवा, फक्त संध्याकाळचा घ्या.