मधला मतदार (मतांनुसार सगळ्यांना डावीकडून उजवीकडे रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये येणारा) नेमका कुठे आहे हे ठाऊक नसेल, तरी दोन पक्ष मध्यावरच येतात का?

नुसती सत्ता हवी असेल तर येतात. धोरणाचीही ओढ असेल तर सहसा येत नाहीत. समजा, ० (डावं टोक) ते १०० (उजवं टोक) अशा मोजपट्टीवर मधला मतदार ४० ते ६० मध्ये कुठेही असू शकतो, सगळीकडे सारखीच शक्यता. दोघेही ५० वर आहेत. डावा पक्ष ४८ वर सरकला तर मधला मतदार ४९ च्या डावीकडे असेल तरच तो जिंकतो, म्हणून त्याची जिंकण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर येते. जिंकला तर त्याला जास्त आवडणारं ४८ चं धोरण मिळतं. पण हरला तरी ५० चंच धोरण लागू होणार, म्हणजे धोरणापुरतं त्याचं काहीच जात नाही! विटमन (१९८३) आणि कॅल्व्हर्ट (१९८५) या अभ्यासकांची मांडणी याच अंगाने जाते. कॅल्व्हर्टच्या मते अनिश्चितता थोडी असेल तर दोन पक्षांमधलं अंतरही थोडंच पडतं. मात्र हे दोन पक्ष आणि एकच मुद्दा असतानाचं गणित आहे. तिरंगी लढतीला ते जसंच्या तसं लावू नका.