यादीत एक लिहिलं, गाडी दुसरीच घेतली

"मॅडम, मी स्वतःशीच खोटं बोलतो का?" असं विचारायला एक जण आले होते (तपशील बदललेत, ओळख पटू नये म्हणून), आणि निमित्त काय तर नवीन गाडी. चार महिने घरात सांगत होते की आधी सेफ्टी, मग मायलेज, मग डिकीत जागा, आणि आणली कुठली तर मायलेज कमी, डिकी छोटी, पण उंच आणि सनरूफवाली. बायको म्हणाली, मग इतके दिवस आम्हाला काय ऐकवत होतास? ते इतकं लागलं की आता नोकरी बदलायचा निर्णय घ्यायलाही घाबरायला लागले. असंच काहीतरी घेऊन बरेच जण येतात म्हणून लिहितेय.

यादीचा कागद सोबत होता, घड्यांवर फाटत आलेला. मी विचारलं, सेफ्टीत काय निघालं? तर शेवटच्या तिन्ही गाड्यांना क्रॅश टेस्टमध्ये सारखेच स्टार. म्हणजे बघा, सेफ्टी खरंच पहिली होती, तिनेच बाकीच्या गाड्या गाळल्या, पण उरलेल्या तिघींत फरकच नाही म्हटल्यावर निवड दुसऱ्याच कशावर तरी होणार ना. यात खोटं काहीच नाही.

"पण मायलेज?" त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, ठरलं नक्की कधी ते आठवा. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले टेस्ट ड्राइव्हला सिग्नलला थांबलो होतो, उंच सीटवर, शेजारच्या गाडीतल्याने वळून बघितलं, आणि मी कायम मागच्या बाकावरचा माणूस हो. डोळे भरून आले त्यांचे.

1977 मध्ये निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला होता, स्टॉकिंग्जच्या चार अगदी सारख्या जोड्या ओळीने ठेवल्या, लोकांनी जास्त करून उजव्या टोकाची निवडली, पण कारण विचारल्यावर जागेचं नाव आपणहून कुणीच काढलं नाही. ती माणसं लबाड नव्हती, त्यांना खरंच माहीत नव्हतं. यांना तर माहीत होतं, फक्त कागदावर लिहायची लाज वाटली होती.

मी म्हटलं, नोकरीच्या यादीत ही ओळ आधीच लिहा, आणि बायकोला दाखवा.

पुढच्या वेळी नवा कागद आणला. तिसऱ्या नंबरवर 'लोकांनी विचारावं आपल्याला', आणि खाली वेगळ्या अक्षरात, 'आणि जेवायला घरी'.