आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन जपानला नातेवाइकांकडे जाताना त्याचे खाणे इथून न्यावे का?

आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन तीन आठवडे जपानला दिराकडे चाललो आहोत, जाऊबाई जपानी आहेत, तर बाळाचे सगळे खाणे इथूनच न्यावे का, आणि आम्हाला तिथले काही खाता येईल का, असे आपण विचारले आहे. नेऊ नका, आणि खाता येईल. उत्तर एवढेच आहे. परंतु "जाऊबाई जपानी असल्याने त्यांना आपल्या बाळाच्या खाण्याची कल्पना नसेल" हे आपले वाक्य मी याआधी, अगदी याच शब्दांत, माझ्या सख्ख्या आईच्या तोंडून ऐकलेले आहे. त्यामुळे पुढचे लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

माझा थोरला भाऊ शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात, ताकामात्सु शहरात राहतो. वहिनी तिथलीच. 2018 च्या नोव्हेंबरात माझी लेक सात महिन्यांची असताना आम्ही तिथे गेलो, आणि गेलो तेही आईच्याच हट्टाने, कारण मुलीचे उष्टावण सातव्या महिन्यात आणि मामाच्याच हातून व्हायला हवे होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मऊ भात सहा महिने पूर्ण होताच सुरू केला होता, विधी तेवढा राहिला होता. मात्र मुलीला मामाकडे पाठवणाऱ्या आईचा मामीच्या स्वयंपाकघरावर काडीचा विश्वास नव्हता. मालवणहून खास आमची पाठवणी करायला आलेल्या आईने दोन किलो आंबेमोहर, नाचणीसत्त्व, तांदूळ आणि मूगडाळ भाजून केलेली पूड, साजूक तूप, ॲल्युमिनियमचा दोन लिटरचा कुकर, छोटा मिक्सर, गुटीची डबी आणि मधाची बाटली अशी एक अख्खी बॅग भरली.

त्या बॅगेचे काय झाले ते क्रमाने सांगते, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. तांदूळ विमानतळावरच राहिले. परदेशातून तांदूळ नेताना कीडरोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. (ताज्या फळांचे नियम तर याहून कडक आहेत, पुष्कळशी प्रमाणपत्र असूनही चालत नाहीत, तेव्हा चिकू आणि केळी घेऊन जाऊ नका.) वहिनीची शेगडी इंडक्शनची, त्यामुळे कुकर तिच्यावर तापेचना. जपानमधील घरगुती वीज 100 व्होल्टची असते, आणि आपल्या 230 व्होल्टच्या मिक्सरचे पाते तिच्यावर एखाद्या आजाऱ्यासारखे फिरत राहिले. तरीही मी हार मानली नाही. चार दिवस मी त्या परक्या ओट्यावर उभी राहून साध्या पातेल्यात पूड शिजवीत होते, ती करपवीत होते, आणि वहिनी "मी काही करू का?" असे विचारू लागली की हसून "नको" म्हणत होते.

पाचव्या दिवशी दुधासाठी बर्फ हवा म्हणून मी फ्रीजरचा खालचा कप्पा उघडला. आत बर्फाचे झाकणवाले सहा ट्रे ओळीने ठेवलेले होते आणि एकाही ट्रेमध्ये बर्फ नव्हता. पांढरे, पिवळे, हिरवे, फिकट तपकिरी असे चौकोनी तुकडे गोठवलेले होते, आणि प्रत्येक ट्रेवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर तारीख आणि त्याखाली देवनागरीत, एकेक अक्षर मोजून काढल्यासारखे, लिहिलेले होते: "भात", "पालक", "बोपळा". भ आणि ब यांतला फरक तिला "भात" लिहिताना साधला होता, भोपळ्यापाशी हुकला होता. भावाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही यायच्या आधी दहा दिवस रोज रात्री ती हे करत बसली होती. तू विचारशील म्हणून थांबलीय." मला त्या क्षणी जी शरम वाटली ती आजही पुरती गेलेली नाही, आणि आपण विचारलेल्या प्रश्नाला इतके लांब उत्तर देण्यामागचे खरे कारणही तेच आहे.

त्या पांढऱ्या तुकड्यांना तिकडे ओकायु म्हणतात. बाळाला पहिल्यांदा देतात ती एक भाग तांदूळ आणि दहा भाग पाणी यांची. सातव्या महिन्याच्या सुमारास पाणी सातपट, नवव्याच्या पुढे पाचपट, आणि वर्षाच्या आसपास मऊ भात. थोडक्यात, ही आमची पेज. मालवणात जन्म काढलेल्या बाईला पेज परकी वाटावी आणि त्यासाठी तिने हजारो मैलांवर कुकर पाठवावा, याला काय म्हणावे? तपकिरी तुकडे होते दाशीचे, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचा पाया असलेल्या मासळीच्या किंवा समुद्री शेवाळाच्या पाण्याचे. कागावात ही दाशी बहुधा इरिको नावाच्या सुकवलेल्या लहान मासळीची करतात, आणि वहिनीने त्या मासळीचा डबा उघडला तेव्हा स्वयंपाकघरात आमच्या घरच्या सुक्या मासळीच्या फडताळाचा वास पसरला. जपानी घरात बाळाचे खाणे हा ठरलेल्या टप्प्यांचा, बऱ्यापैकी काटेकोर विषय आहे: गिळण्याचा टप्पा, जिभेने चुरडण्याचा टप्पा, हिरड्यांनी चावण्याचा टप्पा. मऊ तोफू, वाफवलेला भोपळा, सोयाबीन भाजून केलेले किनाको नावाचे पीठ, आणि शिरासु ही बोटाच्या पेराएवढी पांढरी मासळी, जी बाळाला देण्याआधी उकळते पाणी ओतून तिचे मीठ काढून टाकतात. यातले काहीही तिखट नाही, तेलकट नाही, आणि आपल्या बाळाला न झेपणारे तर अजिबात नाही.

आता मधाविषयी, कारण आमच्या घरातले खरे भांडण तिथे आहे. उष्टावणाच्या दिवशी भावाने अंगठीने खीर चाटवली, सगळे व्यवस्थित झाले, आणि नंतर मी गुटी उगाळायला मधाची बाटली काढली. वहिनीच्या आईने ती माझ्या हातातून घेतली. ओढली म्हटले तरी चालेल. मला राग आला, कारण ही बाई एरवी आवाजही न चढवणारी आणि मी तिच्या घरची पाहुणी. मग वहिनीने समजावून सांगितले की 2017 साली टोकियोत सहा महिन्यांचे एक बाळ मधातून झालेल्या बोट्युलिझमने, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजाराने, दगावले होते आणि ती बातमी देशभर गाजली होती. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे तिथले आरोग्य खाते 1987 पासून सांगत आलेले आहे. मधात काही वेळा त्या जंतूंची बीजे असतात, साध्या उकळण्याने ती मरत नाहीत, आणि लहान बाळाच्या अपक्व आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. आपण ऐकत नाही, इतकेच. "आम्ही तुम्हा तिघांना चाटवला, कोणाला काय झाले?" हा आईचा युक्तिवाद मी तेव्हा फोनवर ऐकला आणि आजही सणावारी ऐकते. ज्यांच्या बाळांना काही झाले त्या बाया हे वाक्य बोलत नाहीत, असे मी एकदा उत्तर दिले आणि त्यानंतर आठवडाभर आमचे बोलणे बंद होते. तरीही माझे मत बदललेले नाही. गुटी आणि मध दोन्ही घरीच ठेवा.

आपल्या दोघांच्या खाण्याबद्दल आपण विचारले आहेच. कागावा हा क्षेत्रफळाने जपानमधील सर्वांत लहान प्रांत असून तो उदोनवर जगतो. 2011 मध्ये त्यांनी स्वतःची जाहिरातच "उदोन प्रांत" या नावाने केली. हे गव्हाचे जाड, पांढरे शेवयांसारखे पदार्थ तेथील लोक सकाळी न्याहारीलाही खातात, आणि पुष्कळशी दुकाने दुपारी माल संपला की बंद होतात. स्वतः वाढून घ्यायच्या दुकानात उदोनचे एक वेटोळे हवे की दोन ते सांगायचे, काही ठिकाणी दांड्याच्या जाळीत घालून ते गरम पाण्यात आपणच बुडवायचे, आणि टाकीच्या तोटीखाली वाडगा धरून वर दाशी सोडायची. पहिल्या दिवशी मी तोटी जास्त सोडून पायावर सांडून घेतली. बाळाला मात्र हा दुकानातला उदोन देऊ नका. कागावाचा उदोन चिवटपणासाठीच नावाजलेला आहे आणि आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात तो अडकू शकतो. वहिनी घरी तो बोटांत चुरडेपर्यंत पुन्हा शिजवून, धुऊन, कात्रीने बारीक करून थर्मासच्या डब्यात आणत असे, आणि दुकानातली बाई न मागता लहान वाडगा व चमचा आणून ठेवत असे. तिखटाची आठवण आली तर कागावातल्याच मारुगामे शहराचे होनेत्सुकी-दोरी खा: मिरी आणि लसूण लावून भाजलेली कोंबडीची अख्खी तंगडी. त्यात कोवळ्या आणि जून अशा दोन प्रकारच्या कोंबड्या मिळतात. जून मागवा, ती आपल्या गावठी कोंबडीच्या जवळ जाते. दाराशी भट्टी ठेवलेल्या सुपरमार्केटांत भाजलेली रताळी मिळतात, नोव्हेंबरात तर हमखास, आणि त्यांतले एक रताळे आई, बाप व बाळ तिघांना पुरते.

प्रवासाचे थोडक्यात सांगते, कारण त्यात चिंता करण्याजोगे काही नाही. मोठ्या दुकानांत बाळांसाठी वेगळी खोली असते, तिथे दूध पाजता येते आणि पावडरीच्या दुधासाठी गरम पाणीही बहुधा मिळते. ओसाका ते ओकायामा आम्ही शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने गेलो. त्या सोळा डब्यांच्या गाडीत अकराव्या डब्यात एक छोटी खोली असते, ती कंडक्टरला सांगितल्यास अंगावर पाजण्यासाठी उघडून मिळते. पुढे सेतो पूल ओलांडणारी गाडी तासाभरात ताकामात्सुला पोहोचवते. वेळेचा फरक साडेतीन तासांचा असल्याने बाळ पहिले दोन-तीन दिवस उशिरा झोपते आणि उशिरा उठते, मग रुळते. औषधांच्या दुकानात बाळाच्या तयार जेवणाची पाकिटे मिळतात आणि त्यांवर 7, 9, 12 असे महिन्यांचे आकडे ठळक छापलेले असतात, तेव्हा जपानी वाचता येत नाही ही अडचण नाही.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. आपण शाकाहारी असाल तर वरचे निम्मे उत्तर आपल्याला लागू नाही, कारण दाशीतली मासळी बाळाच्या तयार पाकिटांतही असते; जाऊबाईंना आधीच कळवून फक्त कोंबू या शेवाळाची दाशी करायला सांगा, ती पूर्ण शाकाहारी असते. अंडे, गहू, सोयाबीन यांतले काही बाळाने अजून चाखले नसेल तर ते निघण्याआधी इथे, आपल्या डॉक्टरांच्या हाकेच्या अंतरावर असताना, थोडे थोडे देऊन पाहा. सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया. त्याची ॲलर्जी तीव्र असू शकते, म्हणून त्या बाळाला नकोतच. आणि बाळ ठरावीक पावडरीचेच दूध पीत असेल, तर ते तीन आठवड्यांचे अवश्य न्या. तेवढ्या बाबतीत माझी आई बरोबर होती.

लेक तिकडून "वाळून" आली, असे आई अजूनही पाहुण्यांना सांगते. निघताना ती 7 किलो 400 ग्रॅम होती आणि परतल्यावर 7 किलो 800. लसीकरणाच्या कार्डावर दोन्ही नोंदी आहेत आणि ते कार्ड मी आईला दोनदा दाखवले आहे. नाचणीसत्त्व मात्र वाया गेले नाही. वहिनीच्या आईने ते चाखून पाहिले, त्यात किनाको मिसळले, आणि तेव्हापासून दरवर्षी तिला एक डबा लागतो. तो डबा आईच पाठवते. आपणही जाऊबाईंसाठी अर्धा किलो न्या, पण दुकानातले बंद पाकीट न्या. घरी दळलेल्या राखाडी पुडीची पुरचुंडी भावाने एकदा नेली होती आणि विमानतळावर ती काय आहे हे सांगताना त्याची पुढची गाडी चुकली.