बॅज छातीवर, पण काळजी बोटांची

सांगलीहून एका आईने लिहिलं आहे: 'मुलगी बी.एस्सी. फिजिक्स झाली. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं म्हणते. रेडिएशनमध्ये राहून पुढे संसार, मुलंबाळं कसं होणार? ओळखीचे एक जण म्हणतात, आधी संघटनेचं सभासदत्व घ्या. त्यात पैसे घालावेत का?'

ताई, भीती वाटणं साहजिक आहे. पण किरणोत्सारी औषधं पेशंटला देऊन स्कॅन काढण्याचं हे काम मोजमापावर चालतं. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीवरचा, रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासला जातो. दिवस गेल्याचं कळवलं की गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची. म्हणून ते लपवायचं नाही, हे लेकीला आत्ताच सांगून ठेवा.

मला जास्त काळजी वाटते ती बोटांची. पेट स्कॅनसाठी टोचायच्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे जोर निम्मा व्हायचा वेळ, जेमतेम ११० मिनिटं. ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्राच्या केंद्रातून गाडी निघाल्यापासून औषधाचा जोर घटतच असतो, इकडे पेशंट ताटकळलेले. मग सिरिंजवर कवच चढवायचं राहून जातं, बोटांचं रेडिएशन मोजणारा अंगठी-बॅज टेबलावरच पडून राहतो. बोटांना काय सोसावं लागलं ते छातीवरच्या बॅजला कळत नाही. मुलाखतीत तिने विचारावं: दिवसाला इंजेक्शनं किती, आणि ती द्यायला माणसं किती? जिथे सगळा भार एकटीवर पडतो, तिथे पगार कितीही असो, मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

शिक्षणासाठी परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची डीएमआरआयटी ही याच कामाची पदविका भरवशाची. खासगी कॉलेज असेल, तर तिथलं शिक्षण नियामक मंडळ टेक्नॉलॉजिस्टसाठी ग्राह्य धरतं का, हे फी भरण्याआधी लेखी घ्या.

सभासदत्वाची घाई नको, पण पहिली नोकरी लागली की ते जरूर घ्यावं. सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन, इंडिया ही या क्षेत्रातली संघटना १९६७ पासून आहे. पण अशा संघटनेत डॉक्टरही असतात, आणि डॉक्टरांची दुखणी वेगळी: नवे उपचार, औषधांचा पुरवठा. टेक्नॉलॉजिस्टची वेगळी: अपुरी माणसं, पदाचा दर्जा, पुढचं प्रशिक्षण. म्हणून कुठल्याही संघटनेचा अर्ज भरताना टेक्नॉलॉजिस्टला मत देता येतं का, ते आधी वाचा. 'अजून एक माणूस द्या' असं नवी मुलगी एकटी म्हणाली तर कोणी ऐकत नाही. शंभर जणांनी मिळून म्हटलं तर ऐकावं लागतं.

आणि बॅजच्या प्रत्येक अहवालाची प्रत घरच्या फाइलला लावायला सांगा. नोकरी बदलली तरी तो हिशेब तिच्याजवळच राहायला हवा.